हॉप्सचा चोथा

मी भित्रा माणूस आहे. कारखान्यात, घरात आणि सासरवाडीला भांडगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे लपवण्यात अर्थ नाही. मोटरीच्या स्टार्टरचं बटण दाबताना मी अजूनही तोंड दुसरीकडे करतो. आमचं घर मांडवगण फराट्याच्या बाहेर मळ्यात आहे. तिन्ही बाजूंनी ऊस, आणि उसात बिबट्या. हे इथं कुणी बातमी म्हणून सांगत नाही. शिफ्ट संपवून येताना शेवटच्या वळणापासून दारापर्यंत मी गाडीचा हॉर्न दाबून धरतो. आई आतून म्हणते, "आला बघ बँडवाला."

असल्या माणसानं बीअरसाठी घरी हॉप्सची वेल का लावावी, असं लोक विचारतात. उत्तर सोपं आहे: भीतीमुळे. मला बीअर आवडते. फार नाही, महिन्यातून एखादा ग्लास. पण ती आणायची कुठून? शिरूरला दुकानापुढे उभा राहिलो की मागून कुणाचा तरी आवाज येणार, "काय पाव्हणं, इकडं कुठं?" दौंडला गेलो तर बायकोच्या माहेरचं कुणीतरी भेटणार. हॉटेलात बसायचं म्हटलं तर दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघून मी ग्लास टेबलाखाली नेतो. म्हणून ठरवलं, घरच्या घरी करू. घरी करायला परवाना लागतो का, हे कुणाला विचारायचीही मला भीती वाटली, म्हणून विचारलंच नाही.

रांजणगावच्या एमआयडीसीत माझ्या शिफ्टला हिमाचलचा एक जण होता. त्याच्या गावाकडे, वरच्या थंड खोऱ्यात, घरोघर हॉप्स लावतात. बीअरला कडू चव आणि तो खास वास हॉप्सच्या फुलांमुळे येतो, हे मला त्यानंच सांगितलं. सुट्टीवरून येताना त्यानं ओल्या टॉवेलात गुंडाळून दोन मुळ्या आणल्या. कँटीनमध्ये माझ्या हातात देऊन म्हणाला, "धूप कम, पानी ज्यादा. और डरना मत, जंगली चीज़ है." माझ्याबद्दल त्याला फारशी माहिती नव्हती हे उघड आहे.

घराच्या पूर्वेला, जिन्याच्या भिंतीलगत मुळ्या लावल्या. सकाळचं ऊन, दुपारी सावली. खाली उसाचं पाचट अंथरलं, वर हिरवी शेडनेट बांधली, ठिबकची एक नळी ओढली. बायको म्हणाली, "एवढ्यानं काय होतंय, एसी बसवा तिला." पहिल्या वर्षी वेल कमरेएवढी झाली आणि एप्रिलमध्ये पापडासारखी करपली. हॉप्सला थंडीत झोप लागते, ती झोप आपल्याकडे मिळत नाही, म्हणून पुढच्या हिवाळ्यात मुळ्या उकरून ओल्या गोणपाटात बांधल्या आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. आईला खोकला झाला होता. तिला ती मुळी ज्येष्ठमध वाटली. एक तुकडा कापून तिनं सकाळभर चघळला आणि संध्याकाळी मला म्हणाली, "ह्यो कसला ज्येष्ठमध आणलास, नुसतं लाकूड हाय." दोन दिवस मी तिच्याकडे बघत होतो, काही होतंय का म्हणून. काही झालं नाही. उलट खोकला थांबला असं तिचं म्हणणं.

आईचा स्वभाव इथंच सांगायला हवा. घरात आलेली कुठलीही वस्तू वाया जाऊ द्यायची नाही हा तिचा धर्म. साली गाईला, आमटीच्या तळाचा गाळ कोंबड्यांना, शिळी भाकरी कुत्र्याला. शिजवलेलं अन्न उकिरड्यावर टाकलेलं तिला चालत नाही. आणि ती कशालाच भीत नाही. उसातून पहाटे वैरण घेऊन येते, हातात फक्त विळा. मी ओरडलो की म्हणते, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

फ्रिजमधून काढून लावलेली वेल मात्र उठली. सुतळ्या सोडल्या होत्या, त्यांना वळसे घालत ती वर निघाली. रोज कामावर जाताना बघावं तर टोक वरच्या पायरीवर गेलेलं. हॉप्सला लांब दिवस लागतो. पलीकडचे शेवंतीवाले दिवस मोठा करायला रानात बल्ब लावतात, त्यांचं बघून मीही वेलीवर बल्ब टांगले. वेलीसाठी म्हणून लावले खरे, पण अंगणात उजेड राहतो याचा आनंद मला जास्त होता. तिसऱ्या वर्षी फुलं आली. हिरवी, हलकी, कागदाच्या पाकळ्या एकावर एक चिकटवल्यासारखी. एखादं चुरगाळलं की देठापाशी पिवळी पूड दिसते. तिचा वास हापूसचा चीक आणि संत्र्याची साल एकत्र केल्यासारखा. मी शर्टाच्या खिशात एक फूल ठेवून कामाला जायचो.

आईनं या सगळ्याला जवाचं पाणी असं नाव दिलं होतं. मागे तिला मुतखडा झाला तेव्हा डॉक्टरांनी जवाचं पाणी प्यायला सांगितलं होतं. मी काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी आल्यागेल्यासमोर मुद्दाम विचारायची, "कवा व्हायचं रं तुझं जवाचं पाणी? माझा खडा वाट बघतोय." मी लाल व्हायचो.

एका रविवारी ते झालं. जवाला मोड आईनंच आणून दिले, मटकीला आणते तसे, फडक्यात बांधून. ते वाळवले, कढईत भाजले, भरडून आणले. सकाळपासून मोठ्या पातेल्यात भरड गरम पाण्यात भिजवली, गोड पाणी गाळलं, त्यात हॉप्सची फुलं टाकून तासभर उकळलं. घरभर असा वास सुटला की बायकोसुद्धा दोनदा चुलीशी येऊन गेली. मग जुन्या साडीच्या फडक्यातून पुन्हा गाळून, निववून, यीस्ट टाकून ते पाणी वीस लिटरच्या जारमध्ये भरलं, तोंडाला नळी बसवून नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं आणि जार जिन्याखाली ठेवला. मागच्या दाराशी दोन पाट्या राहिल्या होत्या. एकीत जवाचा चोथा. तो गाईला घाल, चांगला असतो, असं मी आईला सांगितलं. दुसरीत उकळलेल्या फुलांचा. तिच्याबद्दल मी काही बोललो नाही. मी जाऊन आडवा झालो.

चहाच्या वेळेला बायकोनं हाक मारली. "अहो, बाहेर या. कुत्रं बघा कसं करतंय."

आमचा कुत्रा तांबडा, मध्यम अंगाचा. आधीचा बिबट्यानं नेला म्हणून याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातलेला, बाहेरच्या बाजूला टोकं असलेला. स्वभावानं गरीब. शेजारी माझे चुलते राहतात, आप्पा. रोज सकाळी ओट्यावर पाय सोडून बसतात आणि कुत्रा त्यांच्या भेगाळलेल्या टाचा चाटतो. आप्पांना ते बरं वाटतं. असा तो कुत्रा अंगणाच्या मधोमध उभा होता, चारी पाय फाकून. जीभ पार खालपर्यंत बाहेर, तोंडातून लाळेच्या तारा, डोळे लाल. छाती भात्यासारखी हलत होती. मी हाक मारली तर त्यानं माझ्याकडे बघितलं, पण मला ओळखलं असं वाटलं नाही. दोन पावलं चालला आणि मागचे पाय लटपटून बसला. मग उठून भिंतीवर जाऊन आदळला.

"पिसाळलं," मागून आप्पा म्हणाले. ते कधी आले मला कळलं नाही. "लांब व्हा समदी. पिसाळलंय त्ये."

माझ्या पाचावर धारण बसली. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. आप्पांनी हाका मारल्या आणि वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन आली. कुणाच्या हातात पहार होती. मी बायकोला घेऊन पायऱ्यांवर चढलो. अगदी वर नाही, मधल्या पायरीवर, म्हणजे पळालो असंही दिसू नये आणि कुत्रा पोहोचूही नये. आप्पा म्हणाले, "एका दणक्यात झालं पायजे. अर्धवट सोडलं तर चावत सुटंल."

तेवढ्यात माझी नजर वेलीखाली गेली. तिथं कुत्र्याचं जर्मनचं ताट होतं, आणि ताटाच्या कडेला हिरवट-तपकिरी पाकळ्या चिकटल्या होत्या.

"आई," मी वरूनच विचारलं, "ह्याला काय घातलंस तू?"

"भाकरी. आन् तुझा त्यो फुलांचा चोथा. जवाचं गोड पाणी व्हतं त्यात म्हणून कालवून दिला. शिजीवलेलं टाकायचं काय?"

हॉप्सबद्दल मी फोनवर पुष्कळ वाचत असे. कुठल्याशा पानाच्या तळाला एक ओळ होती, कुत्र्यांना खाऊ देऊ नये. तेव्हा ती मी वाचून सोडून दिली होती, आपल्या कुत्र्याला कोण कशाला हॉप्स घालतंय म्हणून. आता ती शोधली. कुत्र्याला ताप चढतो, ताप उतरत नाही, जीव जातो, लगेच गार करावं. एवढंच. पिसाळलेल्यात आणि यात फरक कसा ओळखायचा, ते कुठंच नव्हतं. हिमाचलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "हमारे यहाँ तो गाय खाती है, कुत्ते का नहीं पता."

मी जिन्यावरून ओरडलो, "आप्पा, थांबा, मारू नका! विषबाधा आहे. त्याला पाणी पाहिजे, गार करायला पाहिजे."

"पानीच टाका," आप्पा म्हणाले. "पिसाळलं असंल तर पाण्याला भिईल. कळंलच."

म्हणजे आमचं दोघांचं एकमत झालं, फक्त कारणं वेगळी. पण पाणी टाकायला जवळ जायला हवं होतं, आणि जवळ जायला कुणी तयार नव्हतं. मी तर नव्हतोच. माझ्या मनात एक बाजू सांगत होती की हा हॉप्सचाच ताप आहे. दुसरी म्हणत होती, आणि नसला तर? मागच्या महिन्यात उसातून अंगावर ओरखडे घेऊन आला होता, ते कशाचे होते कुणी बघितलंय? मी कठड्याला धरून तिथंच उभा राहिलो.

आई गोठ्यातून पाण्याचा पाइप ओढत आली. मोटरीला वीज होती हे नशीब. तिनं लांबून धार सोडली. कुत्रा पळाला नाही. ओरडला नाही. तिथंच चिखलात आडवा झाला आणि धारेकडे तोंड करून जीभ लपलप हलवायला लागला.

"पितंय," कुणीतरी म्हणालं.

"पितंय कुठं, नुसती जीभ हलतीय," आप्पा म्हणाले.

मग आईनं ते केलं, जे मला अजून दिसतं. पट्टा भिजून कुत्र्याच्या गळ्यात रुतला होता, त्याला दम घेता येत नव्हता. पाइप खाली टाकून ती त्याच्याशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी पट्ट्याचं बक्कल काढू लागली. मी आणि बायको एकदमच ओरडलो. बक्कल सुटलं, पट्टा आईच्या हातात आला आणि त्याच क्षणी कुत्र्यानं मान फिरवून तिच्या मनगटाच्या वर दात रोवले. क्षणभरच. लगेच सोडलं आणि डोकं पुन्हा चिखलात टाकलं.

आईनं हाताकडे बघितलं. रक्त होतं. ती उठली, नळापाशी गेली आणि हात धारेखाली धरला. आप्पांनी काठी उचलली.

"काठी खाली ठेवा, भावजी," आई त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "आता तर अजाबात मारायचं न्हाई त्येला."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तो सांगितला. बायकोनं फोन केल्यावर ते मोटारसायकलवर आले. दोरीनं कुत्र्याचं तोंड बांधलं, थर्मामीटर लावला, आणि पारा बघून त्यांनीच पाइप उचलला. मी हॉप्सचं सांगितलं. ते म्हणाले, "मी असली केस कधी बघितली नाही. असेल तुम्ही म्हणता तसं. नसेलही." त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "चावलेलं कुत्रं मारायचं नसतं. बांधून ठेवायचं. पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांत मरतं. दहा दिवस जगलं, तर चावण्यातून काही होत नाही. मारलंत तर कळणारच नाही." आणि आईकडे वळून, "मावशी, तुम्ही मात्र आत्ताच्या आत्ता दौंडला जा. वाट बघू नका."

दौंडच्या सरकारी दवाखान्यात जखम पुन्हा धुतली, जखमेभोवती आणि दंडात इंजेक्शनं दिली, पुढच्या तारखा सांगितल्या. परतीच्या वाटेवर आई गाडीवर मागे बसली होती. भीमेच्या पुलावर मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "तू पुढं बघून चालव."

घरी आलो तर कुत्रा जिवंत होता. आणि त्याच्याजवळ राखणीला कोण बसलं होतं? आप्पा. काठी होतीच हातात, पण आता ती दुसऱ्या कुत्र्यांना हाकलायला. डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून त्यांना आपल्या टाचा आठवल्या होत्या. भेगांतून लाळ आत गेली असली तर? त्या दिवसापासून आमच्या अंगणात उजाडायच्या आत हाक यायची, "आरं, कुत्रं जित्तं हाय का?" ज्यांच्या हातात पहार होती ते अंडी घेऊन यायला लागले. कुणी दूध आणलं, कुणी चिकन. वस्तीवरच्या प्रत्येकालाच त्या कुत्र्यानं कधी ना कधी चाटलेलं होतं. एवढी बडदास्त त्याची जन्मात झाली नव्हती. त्याला हॉप्सच्या वेलीखाली बांधलं होतं, कारण अंगणात गार सावली तेवढीच होती. दुपारी मी बघायचो, वर हिरवी फुलं लोंबतायत आणि खाली तो मलूल पडलाय.

ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. सगळे कुत्र्याकडे बघायचे, मी आईकडे बघायचो. पंखा लावला की ती अंग चोरते का? उजेडाकडे पाठ करते का? ताप तर नाही? मी फोनवर नको ते वाचत बसायचो. एकदा हा आजार सुरू झाला की औषध नाही, हे पुन्हा पुन्हा वाचायचो. इंजेक्शनं वेळेवर दिली होती, बायको मला तेच बजावायची, पण भित्र्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. जेवताना आईला ठसका लागला तर माझ्या हातातला घास पडायचा. कामावरून मी घरी फोन करायचो आणि काहीतरी निमित्त काढून तिचा आवाज ऐकायचो. ती वैतागायची. "बोलायचं न्हाई तर लावतो कशाला?"

आणि एक गोष्ट ती रोज करायची. सकाळी मी निघायच्या वेळी ओसरीवर यायची, पितळी तांब्या भरून घ्यायची, माझ्यासमोर उभी राहून डोकं मागे टाकून वरून पाणी प्यायची. अर्धा नाही, पुरा तांब्या. पदरानं तोंड पुसून माझ्याकडे बघायची. तिच्या डोळ्यात मला चेष्टा दिसायची. बघ रे भित्र्या, मला काय झालंय, असं. मला राग यायचा. मी इथं जिवानं सुकतोय आणि हिला मस्करी सुचतेय.

मधे एक दिवस फार वाईट गेला. कुत्रा बराच सावरला होता, दूध-भाकरी खात होता. त्या सकाळी पुढे पाणी ठेवलं तर त्यानं मान फिरवली. भांडं जवळ सरकवलं तर मागे सरला, गुरगुरला. आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. "पाण्याला भितंय," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले. मी आईकडे बघितलं. ती खांबाला धरून उभी होती. तिची बोटं पांढरी पडली होती, हे मी बघितलं, पण भीतीनं माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. मग ती हळूच पुढे झाली. तांब्यातलं पाणी एका करवंटीत ओतलं आणि काठीनं ती करवंटी त्याच्यापुढे ढकलली. कुत्र्यानं हुंगलं. सगळी वस्ती श्वास रोखून. त्यानं जीभ घातली आणि करवंटी कोरडी केली. बायकोला मग आठवलं की आदल्या संध्याकाळी तिनं त्याचं भांडं फिनेल टाकून घासलं होतं. आप्पा तिला काय काय बोलले. आई आत जाऊन पडली.

मुदत संपली त्या दिवशी डॉक्टर येऊन गेले. कुत्रा त्यांच्याभोवती शेपटी हलवत फिरला. "आता काही भीती नाही," ते म्हणाले. "तुमच्या त्या फुलांचंच असणार. मावशी, राहिलेली इंजेक्शनं तेवढी घेऊन टाका." आप्पा नारळ घेऊन मारुतीला गेले. जाण्याआधी ओट्यावर बसले आणि दोन्ही पाय मांडीखाली घेतले. कुत्रा वास घेत आला तर म्हणाले, "बास झालं तुझं."

सगळे गेल्यावर मी कोयता घेतला. जिन्याखालचा जार आठवडाभर गुडगुडत होता, मग शांत झाला होता. मी त्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. वास पुन्हा घरात यायला नको होता. तो उचलून सगळाच्या सगळा नाल्यापलीकडे ओतला आणि वेल बुंध्यापासून तोडायला खाली वाकलो.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. ती पायरीवर बसली होती. "तिचं काय चुकलं? खाऊ तर मी घातलं."

"तुझं काही चुकलं नाही."

"मग कुनाचंच न्हाई. ठेव त्यो कोयता."

मी तिच्याशेजारी बसलो. कुत्रा येऊन तिच्या पायाशी पडला. तिनं चावलेल्या हातानंच त्याच्या मानेवरून हात फिरवला. तेव्हा मला दिसलं की हात थरथरतोय. नुसता हात नाही, आई पुरी थरथरत होती, हिव भरल्यासारखी. मी घाबरून तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

"लई भ्याले व्हते रं," ती म्हणाली.

सत्तरीच्या माझ्या आईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग तिनं सांगितलं. तिच्या पाठीवरचा एक भाऊ होता. लहानपणी वारला, एवढंच आम्हाला माहीत. कशानं, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. भीमेच्या पलीकडे तिच्या माहेरी त्याला कुत्रं चावलं होतं. जखम भरली, सगळे विसरले. ऊस तुटून गेल्यावर एक दिवस त्याला पाणी गिळेना.

"बाजंला बांधला व्हता त्येला. आई-बा दवाखान्याला गाडी बघाया गेलेले. मी एकलीच त्याच्यापाशी. ताई पानी दे, म्हनला. मी तांब्या भरून आणला. तांब्या बघितला आन् असा वरडला... पुन्यांदा मागायचा, पुन्यांदा वरडायचा. मी तांब्या घिऊन आत-भायेर करत व्हते. काय करावं त्ये कळंना."

तिनं पदर तोंडावरून फिरवला.

"म्हणून रोज सकाळी पिऊन बघायचे. गिळतंय का. पयल्या घोटाला डोळं मिटायचे. तू समोर बघत असायचास, म्हणून समदा तांब्या संपवायचे."

रोज सकाळी चेष्टा समजून मी जिच्यावर चिडत होतो, ती माझ्यासमोर उभी राहून मरणाशी गाठ पडतेय का ते बघत होती, आणि पाणी घशाखाली उतरलं की माझ्याकडे बघत होती. मी तिच्या खांद्याला धरलं. असं मी तिला मोठेपणी कधी धरलं नव्हतं. तिनं धरू दिलं.

वेल अजून आहे. थंडीत मुळ्या फ्रिजमध्ये जातात, उन्हाळ्यात वेल जिन्यावर चढते. फुलं येतात. जवाचं पाणीही होतं, थोडंसं. चोथा मात्र मी स्वतः खड्ड्यात पुरतो, वर माती आणि मातीवर दगड. आईची सगळी इंजेक्शनं कधीच झाली. कुत्रा धडधाकट आहे, गळ्यात पुन्हा पट्टा आहे. डॉक्टरांच्या हिशेबानं भिण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि हे तिलाही पक्कं ठाऊक आहे.

तरी आई रोज सकाळी ओसरीवर येते, तांब्या भरते आणि डोकं मागे टाकते. पहिल्या घोटाला डोळे मिटते. मी गाडीवर बसलेला असतो. तांब्या रिकामा होईपर्यंत मी किक मारत नाही.